गेलेल्या भावावर गाणं लिहिताना, गाताना, त्याचा व्हिडिओ करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी गेला. त्या गिटारवर स्वतःची गाणी लिहितात आणि गातात. भावावर एक गाणं आणि त्याचा व्हिडिओ करायचा आहे, पण लिहिलेलं कधी रोजनिशीसारखं वाटतं, तर कधी कुणाच्याही भावावर चालेल इतकं गुळमुळीत. दुसऱ्या कडव्यापाशी आवाज फुटतो. आईकडे भावाच्या जुन्या चित्रफिती आहेत. आणि घरातल्या एका काकांचं म्हणणं आहे की हे सगळं दुःखाचं प्रदर्शन आहे.

ताई, सुरुवात काकांच्या शब्दापासून करतो, कारण तो मनात खुपत असेपर्यंत ओळ पुढे सरकत नाही. मी स्वतःची गाणी लिहितो, गातो आणि इतरांच्या गाण्यांवर त्यांच्याबरोबर बसून काम करतो. त्यातली बरीच गाणी कुणीतरी गेल्यानंतरची आहेत, एक माझ्या वडिलांवरचं आहे. या कामात मी एकच कसोटी धरतो: गाणं संपल्यावर ऐकणाऱ्याला कोण थोडंसं कळलं, गेलेला माणूस की रडणारा? तुमचा भाऊ कसा हसायचा, कशावर अडून बसायचा हे अनोळखी माणसाला चार मिनिटांत कळलं, तर ते प्रदर्शन नाही. तुम्ही खूप रडलात एवढंच कळलं, तर काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुढे शब्द, चाल, आवाज, कॅमेरा यांबद्दल जे सांगतो आहे ते सगळं या कसोटीवरूनच येतं.

दीड वर्ष हा काळ कमी की जास्त, असं मोजता येत नाही. शोकाच्या पाच पायऱ्या तुम्ही ऐकल्या असतील. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण त्यांचा अभ्यास स्वतःच्या मृत्यूला सामोरं जाणाऱ्या रुग्णांचा होता, मागे राहिलेल्यांचा नव्हे. म्हणून नकारापासून स्वीकारापर्यंत चढत जाणारं गाणं रचायच्या फंदात पडू नका. मला शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेली बाजू जास्त खरी वाटते. माणूस दुःखाकडे जातो, मग रोजच्या कामांकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे जातो, आणि ही ये-जा हेच सावरणं असतं. गाण्यासाठी हे फार उपयोगी आहे. एक कडवं त्याच्याकडे वळलेलं, पुढचं वीजबिल भरणाऱ्या, बस पकडणाऱ्या तुमच्याकडे वळलेलं, असं चाललं की ऐकणाऱ्याला श्वास मिळतो आणि दुःखाचं खरं वजनही कळतं.

रोजनिशी वाईट नाही, फक्त ती गाण्याच्या आधीची पायरी आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हा शोकावरचा उपाय म्हणून मी सांगत नाही. पद्धत म्हणून ती गीतकाराच्या कामाची आहे. चार दिवस, पंधरा मिनिटं, गिटार खोलीबाहेर ठेवून लिहा. यमक नाही, मात्रा नाही, खाडाखोड नाही. त्यात राग येईल, भावावरचाही येईल, तो येऊ द्या. एखाद्या दिवशी लिहिताना गुदमरल्यासारखं झालं तर तिथेच थांबा. झोप, जेवण, काम हे सगळंच कोलमडलेलं असेल तर गाणं बाजूला ठेवून आधी समुपदेशकाशी बोला. ते काम गाण्यावर सोपवू नका.

मग आठवडाभर ती पानं बंद ठेवा. उघडाल तेव्हा फक्त वस्तू आणि कृती अधोरेखित करा. ‘असह्य’, ‘पोकळी’, ‘अंधार’ हे सोडून द्या. जे उरेल त्यातलं काही फक्त तुमचं असेल, काही घराचं, आणि काही फक्त त्याचं, म्हणजे त्याने विश्वासाने तुम्हाला सांगितलेलं. जे त्याचं आहे ते गाण्यात घालायचं नाही, कितीही सुंदर ओळ होत असली तरी. त्याला आता नाही म्हणता येत नाही. जे घराचं आहे ते विचारून घ्यायचं. काय बाहेर ठेवलं हे तुम्हाला एकदा पक्कं माहीत झालं की जे आत आहे ते मोकळेपणाने गाता येतं.

चार मिनिटांच्या संथ गाण्यात पुनरावृत्ती सोडली तर जेमतेम शंभर-सव्वाशे शब्द मावतात. एवढ्यात आयुष्य सांगता येत नाही, एखादी सवय मात्र सांगता येते. समजा, लहानपणापासून तुम्ही दोघं जे गाणं गायचात त्यात तो एक ओळ नेहमी चुकवायचा आणि तुम्ही टोकायचात. आता घरी तुम्ही एकट्या गाता आणि तीच चूक मुद्दाम करता. ‘तू ओळ चुकवायचास, मी टोकायचे, आता मी तीच चूक घोकते’ एवढ्यात तो दिसतो, तुम्ही दिसता, काय गमावलं तेही दिसतं, आणि दुःख हा शब्द आलेलाच नाही. ‘तुझ्याविना जग सुनं झालं’ ही ओळ खोटी नाही, पण ती कुणीही कुणालाही उद्देशून गाऊ शकतं. तुमच्या लिखाणातला गुळमुळीतपणा तिथून येतो. रोजनिशीपण येतं ते उलट बाजूने: एकाच कडव्यात दवाखाना, फोन, पाऊस, आई, शेवटची भेट असं सगळं कोंबल्याने.

मराठीत क्रियापदाचा काळ फार काही ठरवून टाकतो. ‘गेलास’ म्हटलं की दार बंद होतं. ‘यायचास, बसायचास’ म्हटलं की तो पुन्हा पुन्हा येऊन बसतो आणि तरी नाही, हे दोन्ही एकदम कळतं. ‘येतोस’ म्हटलं की तो इथेच आहे. मी कडवी रीतिभूतकाळात, म्हणजे ‘यायचास’सारख्या रूपांत, किंवा वर्तमानकाळात ठेवतो आणि साधा भूतकाळ अख्ख्या गाण्यात एकदाच, शक्यतो उशिरा, वापरतो. गेलेल्याशी वर्तमानकाळात बोलणं म्हणजे सत्य नाकारणं, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्येच मांडलं आहे की मृत माणसाशी नातं तोडण्याऐवजी ते वेगळ्या रूपात पुढे नेणं हे शोकात स्वाभाविक आहे.

गाताना आणखी एक अडचण येते. आपले बरेच शब्द बोलताना व्यंजनावर संपतात: दार, हात, घर, गेलास. अशा शब्दावर लांब सूर आला की ‘स’ किंवा ‘त’वर तो धरून ठेवता येत नाही. ‘दार’मधला ‘दा’ लांबवा आणि ‘र’ अगदी शेवटी मिटवा. किंवा जिथे सूर थांबणार तिथे ‘पुन्हा’, ‘जरा’, ‘आता’, ‘ये’ असे उघड्या स्वराचे शब्द ठेवा. चाल आणि शब्द एकत्र बसवताना ही तपासणी ओळीओळीला करा.

ध्रुवपद छोटं ठेवा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा असतो. तो आखूड चौथा चरण ऐकताना किती काही न सांगितलेलं जाणवतं ते बघा. तुम्हाला अभंग लिहायचा नाही, पण शेवटची ओळ अपेक्षेपेक्षा आधी संपवायची ही युक्ती कुठल्याही चालीत चालते. वरच्या उदाहरणातली चुकलेली ओळ तर सुरातच आणता येईल: ध्रुवपदाची चाल जिथे षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, टेकणार असं वाटतं तिथे दर वेळी शेजारच्या सुरावर सोडायची, आणि फक्त शेवटच्या वेळी टेकवायची. की तेव्हाही नाही? ते तुम्ही ठरवा. मी टेकवणार नाही.

काही ओळी स्वतःला लिहिता येतच नाहीत. तिथे दुसऱ्या गीतकाराची मदत घेण्यात काही कमीपणा नाही. ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा कॉनर मार्च १९९१ मध्ये गेला. त्याच्यावरच्या ‘टिअर्स इन हेवन’ या गाण्याचं पहिलं कडवं त्यांनी लिहिलं आणि पुढच्यासाठी गीतकार विल जेनिंग्ज यांना गळ घातली. जेनिंग्ज यांना ते इतकं खासगी वाटलं की तुम्हीच पूर्ण करा असं त्यांनी सुचवलं, पण शेवटी ते दोघांनी मिळून पूर्ण केलं. जवळच्या पण घरच्या नसलेल्या माणसाला तुमची पानं वाचायला द्या आणि फक्त एकच विचारा: भाऊ कसा होता असं यातून वाटतं?

लयीबद्दल थोडक्यात. शोकाचं गाणं म्हणजे संथच, हा समज सोडा. चार मात्रांच्या सोळा आवर्तनांचं कडवं मिनिटाला ६० ठोक्यांवर ६४ सेकंद घेतं, ८० वर ४८ सेकंद. त्या सोळा सेकंदांत ऐकणारा पुढचा शब्द ओळखून मोकळा होतो. शब्द बोलल्यासारखे पडतील ती लय धरा. कोमल सुरांचीही सक्ती नाही. शुद्ध स्वरांच्या उजळ चालीवर दुखरे शब्द जास्त खोल जातात, कारण चाल त्यांना आधीच रडवून ठेवत नाही.

आता आवाज फुटण्याचं. रडू दाटतं तेव्हा घशाचे स्नायू आवळतात, स्वरयंत्र वर ओढलं जातं, श्वास तुटक होतो. त्या अवस्थेत सूर लावणं शरीराला जमतच नाही. यात तुमची तयारी कमी आहे असं नाही. गाणं तोडून बसवा. काही दिवस शब्दांशिवाय, नुसत्या आकारात, म्हणजे ‘आ’वर, चाल गा. वेगळ्या वेळी शब्द सपाट वाचा, बातमी वाचावी तसे. मग दोन्ही एकत्र करा. पट्टी तुमच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा एक-दोन स्वरांतरं खाली घ्या. या गाण्याला तारसप्तकाचं शिखर नकोच. दुसऱ्या कडव्यातली नेमकी कोणती ओळ अडते ते शोधा आणि तिच्या आधी एक पूर्ण आवर्तन रिकामं सोडा. गिटार चालू राहील, तुम्ही श्वास घ्याल, पाणी गिळाल. ऐकणाऱ्याला तो विराम रचनेचाच भाग वाटेल, आणि तो असतोही. तरीही ती ओळ दर वेळी मोडत असेल तर ती बदला. गायला न येणारी ओळ कागदावर कितीही खरी असली तरी गाण्याची नाही.

रेकॉर्डिंगला डेमो, म्हणजे आधी केलेली कच्ची ध्वनिफीत, जपून ठेवा. पहिल्या डेमोत सूर कच्चा असतो, पण उच्चारात जो साधेपणा असतो तो नंतर कधी कधी हाती लागत नाही. व्हिडिओ होणारच आहे, म्हणून सुरुवातीपासून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’, ‘फ’चे फटके अडवणारी जाळी. श्वास कापून टाकू नका आणि सूरदुरुस्ती अगदी हलक्या हाताने करा, नाही तर ओळखीचा आवाज परका होतो. भावाचा आवाज असलेलं फोनचं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर लक्षात ठेवा की साध्या फोन-कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा उतरतो. त्यात खर्ज भरून तो ‘सुधारू’ नका. उलट तिथे गिटार थांबवा आणि तो जसा आहे तसा ऐकू द्या. दोन-तीन सेकंद पुरतात. त्याच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करून त्याच्याकडून नवी ओळ गाऊन घ्यायची सोय आता आहे. ते करू नका, असं मी कळकळीने सांगेन. तो जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालणं हे त्याच्याबद्दलचं गाणं उरत नाही.

व्हिडिओचा विचार सुरू करताना पहिला नियम: शब्दांत जे आहे ते चित्रात दाखवू नका. ‘चुकलेली ओळ’ गाताना पडद्यावर दोन मुलं गाताना नकोत. तिथे तुमचा हात तारा बदलत असेल, किंवा नुसतं स्वयंपाकघर असेल. भावाच्या भूमिकेत नट घेऊ नका. आईने त्या नटाकडे बघायचं कसं? दवाखान्याची खाट, हार घातलेला फोटो, पावसात चिंब उभी गायिका हेही टाळा. ही दृश्यं इतकी वापरली गेली आहेत की त्यांत तुमच्या भावासाठी जागा उरलेली नाही.

आईकडच्या चित्रफिती हे तुमचं खरं धन आहे, आणि ते जपूनच वापरायला हवं. अमेरिकन गायक जॉनी कॅश यांच्या अखेरच्या काळातल्या ‘हर्ट’ या गाजलेल्या व्हिडिओत दिग्दर्शक मार्क रोमानेक यांनी जुन्या, तरुणपणीच्या फिती आणि थकलेला वर्तमान चेहरा शेजारी ठेवला, बंद पडलेल्या संग्रहालयात चित्रण केलं, आणि स्पष्टीकरणाची एक ओळही लागली नाही. जुनं आणि आजचं यांमधलं अंतरच तिथे बोलतं. तुम्हीही भावाचा चेहरा पहिल्या कडव्यातच खर्च करू नका. आधी पाठमोरा, हात, हलता कॅमेरा आणि त्याचं बाहेरून ऐकू येणारं हसू. चेहरा एकदाच, पुरेसा वेळ, न कापता.

तांत्रिक बाजू आधीच सांभाळा. टेप असतील तर त्या वारंवार चालवून पाहू नका, दर वेळी झिजतात. एकदाच चांगल्या यंत्रावर संगणकात उतरवा आणि दोन वेगळ्या जागी प्रती ठेवा. जुनी चित्रफीत ४:३ आकाराची असते. ती ओढून रुंद केली की माणूस जाड दिसतो, आणि वरून-खालून कापली की बहुधा डोकं जातं. बाजूला काळी जागा राहू द्या. फोनवरच्या फितींचा फ्रेमचा वेग बदलता असतो, त्यामुळे एडिटमध्ये आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो. आधी त्या ठराविक वेगात रूपांतरित करून घ्या. कागदी फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. ४ बाय ६ इंचाच्या फोटोतून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे हळूच जवळ जायलाही वाव राहतो.

संथगतीचा मोह सगळ्यांना होतो. ओठ जुळवत गायचं असेल आणि चित्रण सेकंदाला ५० फ्रेमचं करून २५ वर दाखवायचं असेल, तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. चिरचिऱ्या, पळत्या आवाजावर भावाचं गाणं गायची वेळ स्वतःवर आणू नका. माझा सल्ला तर असा की ओठ जुळवणंच टाळा. प्लेबॅकवर तेच कडवं दिवसभर गायलं की संध्याकाळी डोळ्यांत काही उरत नाही. एका खोलीत, गिटार घेऊन, खरोखर गाऊन चित्रण करा आणि तो आवाजच ठेवा, किंवा गाताना स्वतःला दाखवूच नका.

सर्वांत अवघड दृश्य दिवसाच्या मध्यावर घ्या. सकाळी सगळे अवघडलेले असतात, शेवटी थकलेले. ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार आधीच एका माणसाला द्या, आणि तो माणूस तुम्ही नसावा. चित्रण भावाच्या जन्मदिवशी किंवा स्मृतिदिनी ठेवू नका. आई कॅमेऱ्यासमोर यायला तयार असेल तर तिला एखादं काम द्या, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं. तिला रडवणारे प्रश्न विचारू नका. ती रडलीच तर कॅमेरा थांबवा. कच्चं एडिट तिला एकटीला, घाई नसताना दाखवा आणि प्रसिद्ध होईपर्यंत केव्हाही नको म्हणता येईल हे स्पष्ट सांगा. काकांनाही दाखवा. त्यांना तिथे पुतण्या दिसला तर त्यांचं म्हणणं बदलेल. नाही बदललं तरी त्यांनी व्हिडिओ आधी घरात पाहिलेला असेल.

हक्कांचं एक छोटं पण महत्त्वाचं. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. सहगीतकार असेल तर वाटणी आधी कागदावर आणा. भावाचं पत्र तुमच्याकडे असलं तरी बहुतेक ठिकाणी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा असतो. व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोचा हक्कही त्याच्याकडे असू शकतो. म्हणून दोन्हींसाठी लेखी परवानगी घ्या. चित्रफितीत भावाचे मित्र दिसत असतील तर त्यांनाही कळवा.

मृत्यूचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही आणि गाण्यालाही ते सांगायची गरज नाही. फक्त एक: ती आत्महत्या असेल तर पद्धत, जागा, शेवटची चिठ्ठी यांपैकी काहीही शब्दांत किंवा चित्रात नको, आणि मृत्यू म्हणजे सुटका असा सूरही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पडदा आणि रंगमंचावर काम करणाऱ्यांसाठी याबद्दल मार्गदर्शिका काढली आहे, ती दिग्दर्शकाला वाचायला द्या. व्हिडिओखाली मदतवाहिनीचा क्रमांक असू द्या.

गाणं स्मृतिदिनाला प्रसिद्ध करावं असं अनेकांना वाटतं. मी नको म्हणेन. तो दिवस घरासाठी मोकळा राहू द्या, त्या दिवशी फोनवर प्रतिक्रिया मोजत बसू नका. पहिले काही दिवस प्रतिक्रिया मित्राला वाचायला सांगा. बरेच लोक स्वतःच्या भावाबद्दल, मुलाबद्दल लिहितील. प्रत्येकाला उत्तर देणं तुमच्याकडून होणार नाही आणि ते तुमचं कर्तव्यही नाही.

राहिलं कार्यक्रमात गाणं. हे गाणं दर वेळी गायचं असं बंधन घालून घेऊ नका. क्लॅप्टन यांनी २००४ मध्ये मुलावरचं ते गाणं गायचं थांबवलं, कारण ते रचताना जी हानी जाणवत होती ती आता तशी जाणवत नाही असं त्यांना वाटलं. काही वर्षांनी पुन्हा गायलं. गायचं ठरवाल तेव्हा ते शेवटी ठेवू नका, मध्यात ठेवा. प्रस्तावना दोन वाक्यांची असू द्या आणि त्यात त्याचं नाव घ्यायचं की नाही ते आईशी आधी ठरवा. नंतरचं गाणं असं निवडा ज्याच्या सुरुवातीला बराच वेळ फक्त गिटार आहे. घसा सैल व्हायला तेवढा वेळ लागतो.